भिंगबाईंचे गमबूट

बटणांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणीच्या टेबलावर बसलेल्या बाईला निवृत्तीच्या दिवशी "आता आराम करा" असं सांगणाऱ्या साहेबाला माणसांची काही पारख नसावी. एकतीस वर्षं बाईंनी काळ्या ट्रेमध्ये बटणं पसरली, गळ्यातल्या दोरीचं भिंग डोळ्याला लावलं आणि चार भोकांतलं एक भोक केसभर सरकलेलं असलं तरी ते बटण उचलून बाजूला टाकलं. असे डोळे घरी जाऊन आराम करत नसतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातले कप तपासले आणि सातांपैकी पाच बाद ठरवले. दुसऱ्या आठवड्यात, त्यांच्याच घरात राहणाऱ्या नणंदेने, म्हणजे वन्संनी, त्यांच्या हातात खुरपं ठेवलं. "वहिनी, बाहेर जा. मातीत काय दोष काढायचे ते काढ. माझ्या स्वयंपाकघरात नको."

वस्तीच्या कडेला, पाण्याच्या टाकीमागे, बावीस तुकड्यांची सामाईक बाग होती. हवा त्याने एक तुकडा घ्यावा, भाजी लावावी, शेजाऱ्याशी भांडावं आणि संध्याकाळी दोन जुड्या घेऊन घरी जावं, अशी साधी व्यवस्था. बाईंनी कोपऱ्यातला चौदा नंबर घेतला आणि लीक लावले. लीक म्हणजे कांद्याचाच भाऊबंद, पण अंगाने सरळ: खाली गड्डा नाही, वीतभर पांढरा दांडा आणि वर पंख्यासारखी निळसर हिरवी पानं. वन्सं त्याला गवत म्हणत आणि सूपमधून वेचून ताटलीच्या कडेला लावत. पण लीकची पानं एकमेकांना इतकी घट्ट धरून असतात की आत कीड शिरली तरी बाहेर पत्ता लागत नाही. जिथे लपायला जागा जास्त, तिथे शोधणाऱ्याला काम जास्त. बाईंचं आणि लीकचं जमलं ते यामुळे. वर्षभरात अख्खी बाग त्यांना भिंगबाई म्हणू लागली आणि अकरा वर्षांत त्यांचं खरं नाव कोणाला आठवेनासं झालं.

कारखान्यात टेबलाच्या वर एक फळा असे. त्यावर चौकोन आखलेले, प्रत्येक चौकोनात एक खरंखुरं बिघडलेलं बटण शिवलेलं आणि खाली दोषाचं नाव. नव्या बाईला शिकवायला याहून सोपी युक्ती नाही. भिंगबाईंनी अवजारांच्या खोलीत तसाच फळा लावला, लीकच्या दुखण्यांचा. सहा चौकोन, आणि प्लास्टिकच्या कागदाखाली दाबलेली पानं.

पहिल्यात तांबेरा. पानावर नारिंगी पुटकुळ्या, बोट फिरवलं की गंजाची पूड लागावी तशा. हे पान शाळामास्तरांच्या तुकड्यातलं. मास्तर कोयता घेऊन सगळी ओळ कापायला निघाले होते. भिंगबाईंनी कोयता काढून घेतला. "खत ओतायचं थांबवा आधी. खाऊ घालून घालून पानं लुसलुशीत केलीत, तांबेऱ्याला तेच पाहिजे. लागलेली पानं काढा, पुढल्या खेपेला रोपांत वीतभर अंतर ठेवा आणि दांडा खुशाल खा. काही होत नाही." दुसऱ्या चौकोनात पतंगाच्या अळीने पोखरलेलं पान होतं, पांढऱ्या पट्ट्या आणि मध्ये भोकं. ही अळी पानावरून सरकत थेट गाभ्यात उतरते. उपाय एकच, पतंगाने अंडी घालायच्या आत बारीक जाळी अंथरायची आणि जाळीच्या कडा मातीत पुरायच्या. तिसऱ्यात पान पोखरणाऱ्या माशीचे टिपके, एका रेषेत, बिनदोऱ्याची शिलाई मारल्यासारखे. "टिपके ओळीत दिसले की समजा, माशी येऊन गेली," भिंगबाई सांगत. चौथ्यात फुलकिड्यांनी रस शोषून चंदेरी केलेलं पान. ते किडे कोरड्या उन्हात माजतात आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याला भितात. पाचव्यात कागदासारखा पांढरा पडलेला शेंडा. पावसाचे थेंब मातीवर आपटून चिखल पानावर उडाला की हे दुखणं चढतं, म्हणून रोपांखाली पेंढा पसरायचा.

सहावा चौकोन रिकामा होता. त्याखाली लिहिलेलं होतं: पांढरी कुज.

पहिल्या पाचांशी माणूस भांडू शकतो. या सहाव्याशी नाही. मुळांवर कापसासारखी पांढरी बुरशी येते, तिच्यात खसखशीएवढे काळे दाणे धरतात, आणि रोप मेलं तरी ते दाणे मातीत वीस-वीस वर्षं पडून राहतात. कांदा, लसूण, लीक, कुळातलं कोणीही जवळ आलं की उठतात. म्हणून नियम होता, भिंगबाईंनीच घातलेला: ज्या तुकड्यात पांढरी कुज दिसेल तिथे वीस वर्षं या कुळातलं काही लावायचं नाही. नव्या माणसाला फळा दाखवताना त्या सहाव्या चौकोनापाशी थोडं थांबत. "हा रिकामा आहे," त्या म्हणत, "कारण इथे मी आहे."

आता एवढं बोलायची काही गरज होती का?

गेल्या पानगळीत नदीपलीकडच्या बागेने त्यांना बोलावून नेलं. बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि एकाने चक्क "आमच्या तज्ज्ञ पाहुण्या" म्हटलं. त्यांचे कांदे मरत होते. भिंगबाई वाफ्यात उतरल्या, चार गड्डे उपटले, भिंग लावलं आणि चार तुकडे बंद करायला सांगितले. कुणीतरी म्हणालं, "फळ्यासाठी नमुना न्या ना." त्यांनी हात झटकला. "असलं काही मी पिशवीत घालीन होय?" भिंग स्पिरिटने पुसलं, हात दोनदा साबणाने धुतले आणि बसमधून परत आल्या. वाटेत आपल्या तुकड्यावर थांबून गादीवाफा पाहिला, सवयीप्रमाणे कोपऱ्यातल्या दगडावर गमबूट आपटले, दोनदा उजवा, दोनदा डावा, आणि घरी जाऊन वन्संना "तज्ज्ञ" हा शब्द तीनदा ऐकवला.

त्या गादीवाफ्याचं सांगायला हवं. अख्ख्या बागेची लीकची रोपं भिंगबाई तिथे वाढवत. हिवाळा ओसरताना बी टाकायचं, रोपं पेन्सिलीएवढी झाली की एका ठरलेल्या रविवारी सगळ्यांनी टोपल्या घेऊन यायचं आणि आपापली जुडी न्यायची. अकरा वर्षं हा रविवार चुकला नव्हता.

यंदा त्या रविवारला दहा दिवस उरले असताना सात नंबरमधल्या नळवाल्याने हाक मारली. "भिंगबाई, जरा बघता का?" नळवाला म्हणजे आडदांड, मोठ्या आवाजाचा माणूस, पण लसणाच्या ओळीशी बोलायचा ते अगदी हळू. त्याचा लसूण पिवळा पडला होता. भिंगबाईंनी एक रोप धरलं आणि ते ओढायच्या आधीच हातात आलं. मुळं नव्हतीच. त्या जागी पांढरा कापूस होता आणि कापसात काळे दाणे.

"सात नंबर बंद," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं."

"पण आलं कुठून? मी बाहेरून एक पाकळी आणलेली नाही. बी माझंच, गेल्या वर्षीचं."

"दहा ठिकाणी नळ दुरुस्त करत फिरता. बुटांतून आलं असेल."

भोवती जमलेल्यांनी माना डोलावल्या. भिंगबाई म्हणाल्या म्हणजे असणारच. नळवाल्याने आपल्या बुटांकडे पाहिलं, खाली वाकला आणि लसूण उपटायला लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतात ते पाहायचं असेल, तर त्या दिवशी सात नंबरवर यायला हवं होतं.

घरी वन्सं वाटाणे सोलत होत्या. वन्संही त्याच कारखान्यातल्या, त्याच टेबलावर, समोरच्या खुर्चीवर. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तुझा तुकडा कोणी पाहिला?"

"मी रोज पाहते."

"तेच म्हणतेय मी. टेबलाचा पहिला नियम काय होता?"

नियम दोघींनाही पाठ होता. आपण तपासलेला ट्रे समोरच्या बाईकडे सरकवायचा आणि तिचा आपण घ्यायचा. आपली पेटी आपण पास करायची नाही, कारण डोळे आपल्याच हातांना फार लवकर माफ करतात. इतक्या वर्षांत वन्संनी भिंगबाईंच्या ट्रेमधल्या तीन चुका पकडल्या होत्या आणि तिन्ही त्यांना तारीखवार आठवत होत्या.

"आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून," वन्सं म्हणाल्या. "दे ते भिंग इकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं अकरा वर्षांत पहिल्यांदा बागेत आल्या. बादली उपडी घालून तिच्यावर बसल्या आणि गादीवाफा एका टोकापासून पाहू लागल्या, ओळीमागून ओळ, जराही घाई न करता. कोपऱ्याशी आल्यावर थांबल्या.

"ही रोपं पिवळी का?"

"तिथे मांजर येऊन घाण करतं."

"कुठलं मांजर?"

मांजर कोणीच पाहिलं नव्हतं. ते त्यांनी मनातल्या मनात पाळलं होतं. वन्संनी एक पिवळं रोप वर काढलं, भिंग लावलं आणि रोप आणि भिंग दोन्ही पुढे केली. कापूस. काळे दाणे. दुसरं रोप, तेच. पिवळ्या रोपांचं एक अर्धवर्तुळ होतं आणि त्याच्या मधोमध दगड.

"हा दगड कशासाठी ठेवलाय?"

"बूट आपटायला," भिंगबाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांना सगळं दिसलं. नदीपलीकडचा ओला वाफा. बसमध्ये पायांखाली पडलेला चिखल. दोनदा उजवा, दोनदा डावा. आणि मग हिवाळ्यात नळवाल्याने लसणाला तांबेरा आला का म्हणून बोलावलं तेव्हा याच वाफ्यातून उठून, याच बुटांनी, त्या त्याच्या ओळीत शिरल्या होत्या. भिंग पुसलं होतं. हात धुतले होते. बूट तसेच.

त्या पायवाटेवरच बसल्या. वीस वर्षं लीक नाही, हे दुःख होतंच, पण मनात पहिलं आलं ते वेगळं होतं आणि त्याची त्यांना लाज वाटली. हे कळलं तर मला कोणी आपल्या वाफ्यात पाय ठेवू देणार नाही. नवरा गेल्याला पाच वर्षं झाली होती, आणि या पाच वर्षांत सकाळी उठून वेणी घालायचं कारण एकच होतं, कोणीतरी कुंपणावरून हाक मारायचं, 'भिंगबाई, जरा बघता का?' ती हाक गेली की मग त्यांच्याकडे नुसतं एक भिंग उरणार होतं.

वन्संनी सगळं ओळखलं. त्या हळूच म्हणाल्या, "तीन भाग वाफा हिरवागार आहे. त्या टोकाची रोपं वाटलीस तर कोणाला कळणार आहे?"

"तुम्हाला कळेल."

"मी बोलणार नाही."

भिंगबाईंनी दगडाकडे पाहिलं. मग पदर खोचला. "वन्सं, पेटीत असलं बटण निघालं की आपण काय करत होतो?"

"अख्खी पेटी परत."

"मग उठा. पोती आणा."

दोघींनी मिळून दोन हजार रोपं उपटली. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात; इथे ओलं जास्त होतं आणि त्याने हाताला फार लागलं. एकही पान खतखड्ड्यात टाकलं नाही, कारण खड्डा सगळ्यांचा होता. पोत्यांची तोंडं बांधली, जाळायला पाठवली आणि दगड उचलून त्यांच्यासोबत दिला. मग भिंगबाई आठवायला बसल्या. पानगळीपासून आपण कोणाकोणाच्या वाफ्यात उतरलो? अकरा तुकडे निघाले.

रविवारी सगळे टोपल्या घेऊन आले आणि रिकाम्या गादीवाफ्याकडे पाहत उभे राहिले. भिंगबाईंनी त्यांना फळ्यासमोर बोलावलं. सहावा चौकोन भरलेला होता. खाली लिहिलं होतं: चौदा नंबर. मी आणली.

"रोपं मिळणार नाहीत," त्या म्हणाल्या. "नदीपलीकडून ही कुज माझ्या बुटांतून आली. मी अकरा तुकड्यांत फिरले आहे, त्यांचे नंबर खाली लिहिलेत. त्या तुकड्यांत यंदा कांदा, लसूण, लीक काही नको. पुढच्या खेपेला मी जिथे उभी राहिले होते तिथे चार पाकळ्या लसूण लावून पाहा. पिवळा पडला तर तुकडा बंद, नाही पडला तर सुटलात." मग त्या नळवाल्याकडे वळल्या. "तुमच्या बुटांना मी नाव ठेवलं. चारचौघांत ठेवलं, म्हणून चारचौघांत सांगते. ते बूट माझे होते."

नळवाल्याने टोपली उचलली आणि निघून गेला. त्याच्यामागून एकेक करत बाकीचेही गेले. कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर पाच आठवडे कुंपणावरून हाक आली नाही. भिंगबाई मात्र रोज आल्या. फाटकापाशी त्यांनी एक टब ठेवला, त्यात जंतुनाशकाचं पाणी आणि शेजारी खराटा. येणाऱ्याने बूट आधी घासायचे, मग बुडवायचे, जाताना पुन्हा. सगळ्यात आधी त्या स्वतःचे घासत, सगळ्यांच्या देखत, टाचेच्या खाचेपर्यंत. मग आपल्या तुकड्यावर जाऊन टाकाऊ लसूण कुटत, पाण्यात कालवत आणि मोकळ्या मातीत ओतत. त्या वासाने काळे दाणे जागे होतात, लसूण आला समजून उगवतात, खायला काही सापडत नाही आणि उपाशी मरतात. सगळेच मरत नाहीत, पण काही मरतात.

"भुकेल्याला स्वयंपाकाचा वास द्यायचा आणि ताट वाढायचं नाही," वन्सं म्हणाल्या. "ही युक्ती तू माझ्यावर तीस वर्षं वापरतेयस."

"वन्सं, कुटा."

"वीस वर्षांनी तू शहाऐंशीची होशील, वहिनी."

"मग शहाऐंशीव्या वर्षी लीक लावीन. तोवर घेवडा."

त्या लसणाच्या पाण्याचे दोन डबे भिंगबाई रोज सात नंबरच्या हद्दीवर नेऊन ठेवत. आत पाऊल टाकत नसत. संध्याकाळी ते डबे रिकामे होऊन त्यांच्या कुंपणापाशी उभे असत. नळवाला बोलत नव्हता, पण डबे धुऊन परत करत होता. भिंगबाई त्यावर काही आशा बांधत नव्हत्या, असं त्या वन्संना सांगत.

सहाव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, त्या वाकून घेवड्याला आधाराच्या काठ्या लावत होत्या.

"भिंगबाई, जरा बघता का?"

त्यांना वाटलं भास झाला. पण तो आवाज भासाचा असणं शक्य नव्हतं, पलीकडच्या रस्त्यावर ऐकू गेला असेल. त्या सात नंबरच्या हद्दीपर्यंत गेल्या आणि थांबल्या. "इथूनच बघते. पान तोडून दाखवा."

"इथून काय दिसणार? आत या."

"माझे बूट—"

"तुमचे बूट तिथेच काढा," नळवाला म्हणाला, आणि कुंपणाच्या खांबाकडे बोट दाखवलं. खांबाला दोरीने एक जोडी जुने गमबूट बांधले होते. उजव्याला घोट्यापाशी ठिगळ होतं, रबर लावून नीट चिकटवलेलं. वर पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं: सात नंबर. भिंगबाई. "हे इथून हलायचे नाहीत. माझ्या वाफ्यात पाय टाकायचा तर यातच. तुमचं माप वन्संना विचारलं."

भिंगबाईंनी पायवाटेवर नजर टाकली. मास्तरांच्या फाटकाला जुन्या रबरी चपला लटकत होत्या. त्यापुढे निळे बूट, त्यापुढे नाडी नसलेली जोडी. दगडांखाली, खिळ्यांना, उपड्या कुंड्यांवर. त्यांनी मोजलं, कारण मोजल्याशिवाय त्यांना राहवत नसे. अकरा. डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायलाही त्या विसरल्या.

मग खाली बसून त्यांनी आपले बूट काढले, खांबाला बांधलेले सोडले आणि पाय घातले. पाय आत सुटे फिरत होते.

नळवाला ओशाळला. "मोठे होतात?"

"एका नंबराने. आणि ठिगळाची एक कड सुटतेय." त्या उठल्या. एकतीस वर्षं कारखान्यात आणि अकरा वर्षं बागेत भिंगबाईंनी दोष दिसल्यावर एकही वस्तू पास केली नव्हती. "चालतील," त्या म्हणाल्या, भिंग डोळ्याला लावलं आणि वाफ्यात उतरल्या.